थांबणे आणि टाळणे

“उद्या करू” हे दोन शब्द आपल्या घरांतून जितक्या वेळा उच्चारले जातात, तितके दुसरे कोणतेही क्वचितच उच्चारले जात असतील. मुलगा अभ्यासाविषयी ते म्हणतो, बाप फुटलेल्या बांधाविषयी म्हणतो, आई फाटलेल्या गोधडीविषयी म्हणते, आणि शाळामास्तर व उपदेशक आपापल्या तयारीविषयी तेच मनातल्या मनात म्हणतात. या शब्दांत दोष किती आणि शहाणपण किती, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरावर आपल्या हातून होणारी कामे आणि आपल्या लेकरांची मने अशी दोन्ही अवलंबून आहेत.

या बाबतीत लोकांत दोन मते आढळतात. एक मत वडीलधाऱ्यांचे. ते म्हणतात, दिरंगाई ही आळसाची धाकटी बहीण होय. जे करावयाचे ते तत्काळ करावे, आणि मूल रेंगाळले तर त्यास धाक घालावा. दुसरे मत कवींचे, चित्रकारांचे आणि कारागिरांचे. ते म्हणतात, चांगली कृती फळासारखी आपल्या वेळेने पिकते. तिला ओढून काढू गेल्यास ती कच्चीच हाती येते. दोन्ही मतांस अनुभवाचा आधार आहे, म्हणून दोहोंपैकी एकास खोटे ठरवून मोकळे होता येत नाही.

येथे कोणी वाचक म्हणेल की, कवी आणि चित्रकार यांची ही चर्चा आम्हा खेड्यातील माणसांस काय कामाची? आमचे म्हणणे असे की, नवे काही घडविणे हा थोड्या लोकांचाच वतनी हक्क नव्हे. कीर्तनासाठी पद जुळविणारा भजनी, लाकडाचा ओंडका पाहून त्यातून पाभर कशी निघेल याचा अंदाज घेणारा सुतार, जुन्या लुगड्यांचे तुकडे मांडून गोधडीची नक्षी ठरविणारी बाई, उद्याचा पाठ मुलांस कसा गोड वाटेल याचा विचार करणारा शिक्षक, आणि “माझे गाव” या विषयावर आयुष्यातला पहिला निबंध लिहावयास बसलेले मूल, ही सर्व माणसे त्या एकाच प्रकारचे काम करीत असतात. आधी नव्हते ते त्यांना घडवावयाचे असते; आणि म्हणूनच त्या सर्वांस “आत्ता की उद्या” हा प्रश्न पडतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात ईट हे गाव आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील हा मुलूख कमी पावसाचा. त्यामुळे येथील पुष्कळ कुटुंबांचा शेतीच्या जोडीस दुभत्या जनावरांवर भरवसा असतो. खवा हे या तालुक्याचे प्रसिद्ध उत्पन्न, आणि याच तालुक्यातील कुंथलगिरीचा पेढा दूरवर नावाजलेला आहे. खव्याच्या भट्टीशी उभा राहिलेला माणूस कसा काम करितो ते पाहावे. कढईत दूध ओतले, खाली जाळ लागला, की त्याला क्षणाची उसंत नाही. दूध सतत ढवळावे लागते, कडेला धरलेला थर खरवडून आत घ्यावा लागतो, आणि घट्ट होत आले म्हणजे हात अधिकच चपळ चालवावा लागतो. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलो खवा पडतो. आणि अखेरच्या काही पळांत दुर्लक्ष झाले तर ते पाचही लिटर करपतात.

आता त्याच घरातील दुसरे भांडे पाहावे. संध्याकाळी गृहिणीने कोमट दुधात चमचाभर विरजण घातले, झाकण ठेवले, आणि ती आपल्या कामास लागली. आता या भांड्याला हात लावणे हीच चूक. कोणी तासातासाने झाकण काढून ढवळून पाहू लागेल तर दही नीट लागणार नाही. त्याला पाणी सुटेल. रात्रभर त्या भांड्यापाशी कोणी काही करीत नाही, आणि तरीही सकाळी काम झालेले असते.

आणि तिसरे एक भांडे आहे. त्यातही दूध आहे, तेही स्वस्थ ठेविलेले आहे. पण त्यात विरजण घातलेले नाही, ते तापविलेलेही नाही. “करू सकाळी काहीतरी” म्हणून ते कोपऱ्यात राहिले. सकाळी ते नासलेले असते. रात्री दिवा घेऊन पाहिले असते तर दुसऱ्या आणि तिसऱ्या भांड्यांत काही भेद दिसला नसता. दोन्ही झाकलेली, दोन्ही स्थिर. भेद केवळ इतकाच की, एकात काम सुरू करून ते थांबविले होते. दुसऱ्यात काम सुरूच केले नव्हते.

आमच्या मते सर्व प्रश्नाची किल्ली येथे आहे. थांबणे निराळे आणि टाळणे निराळे. ज्या कामात आपण मनाचे विरजण घालून मग ते बाजूस ठेविले, ते काम आपण झोपलो असताही पुढे चालते. ज्यास आपण हातच लाविला नाही, ते नुसते पडून राहते आणि बिघडते. आणि मुरून तयार झाल्यावर पुन्हा एक वेळ अशी येते की, खव्याच्या कढईप्रमाणे त्याच्यापाशी अढळ उभे राहावे लागते. ज्यास या तीन अवस्था ओळखता येतात त्यास घाई आणि दिरंगाई या दोहोंचीही भीती नाही.

ही गोष्ट केवळ दृष्टांताची नव्हे. पंडितांनीही ती आपल्या अनुभवावरून सांगितली आहे. फ्रान्स देशात आंरी प्वँकारे नावाचे थोर गणिती होऊन गेले. त्यांनी १९०८ साली आपल्या शोधांची हकीगत जगापुढे मांडली. एका कठीण विषयावर त्यांनी पंधरा दिवस रोज तास-दोन तास मेजाशी बसून श्रम केले होते. पुढे प्रवासाच्या गडबडीत ते गणित विसरल्यासारखे झाले. अशा वेळी कूतांस नावाच्या गावी एका गाडीच्या पायरीवर पाऊल ठेविताच, त्या विषयाचा एक मोठा उलगडा त्यांच्या मनात आपोआप उभा राहिला. परंतु प्वँकारे हे सांगावयास विसरले नाहीत की, आधी कसून प्रयत्न झाले नसतील तर असा प्रकाश पडत नाही, आणि प्रकाश पडल्यावर पुन्हा बसून तो तपासून घ्यावा लागतो. १९२६ साली ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज लेखकाने याच क्रमास चार पायऱ्यांचे रूप दिले. त्या आपल्या भाषेत सांगावयाच्या तर तयारी, मुरणे, उजेड आणि पडताळा अशा होत. वाचकांनी लक्षात घ्यावे की मुरण्याची पायरी दुसरी आहे, पहिली नव्हे.

सुरू केलेल्या कामाची मनास ओढ लागते, हेही प्रयोगाने दिसून आले आहे. १९२८ साली बर्लिन येथे मारिया ओव्हसियांकिना या विदुषीने माणसांस लहान लहान कामे देऊन ती मध्येच थांबविली. पुढे मोकळे सोडल्यावर त्यांपैकी बहुतेक जण, कोणी न सांगता, त्या अपुऱ्या कामाकडे आपण होऊन वळले. ज्या कामाचा आरंभ झाला आहे ते मनाच्या दारात बसून राहते आणि हाक मारीत असते. न सुरू केलेल्या कामालाही हाक असते, पण ती बहुधा धाकाची असते. म्हणून मन तिच्याकडे जात नाही, तिच्यापासून पळते.

अलीकडे, २०२१ साली, जिहे शिन व अ‍ॅडम ग्रँट या दोघांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की, जे लोक काम थोडेसे लांबवितात त्यांच्या कल्पना, अजिबात न लांबविणाऱ्यांच्या आणि फार लांबविणाऱ्यांच्या कल्पनांहून अधिक नव्या ठरल्या. हे ऐकून आळशी मनुष्यास आनंद होईल. परंतु त्याने पुढचे वाक्यही ऐकावे. हा लाभ होण्यास त्या कामाची मनापासून आवड असावी लागते, असेही त्याच संशोधनात दिसले. म्हणजे ज्याचे मन कामाभोवती घुटमळत आहे त्याची दिरंगाई फळते. ज्याचे मन कामावरून उठूनच गेले, त्याच्या दिरंगाईस फळ कोठून येणार?

टाळण्याचे परिणाम काय होतात तेही पाहू. डायान टाइस व रॉय बाउमाइस्टर यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांची पाहणी करून १९९७ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. सत्राच्या आरंभी चालढकल करणारे विद्यार्थी इतरांपेक्षा अधिक निश्चिंत होते. दुखणीबाणीही त्यांना कमी होती. परंतु सत्र संपत आले तसा हिशेब उलटला. त्यांची चिंता व आजारपण इतरांहून पुष्कळ वाढले, आणि त्यांना गुणही कमी पडले. सावकाराकडून काढलेल्या कर्जासारखाच हा व्यवहार झाला. आज हातात पैसा खुळखुळतो, पण व्याज मात्र रात्रीही चढत असते.

आणि मनुष्य टाळतो का? सामान्य समज असा की, अंगी आळस असतो म्हणून. फ्यूशिया सिरॉइस व टिमथी पिचिल या अभ्यासकांनी २०१३ साली दाखवून दिले की, बहुतेक चालढकलीचे मूळ मनाच्या अस्वस्थतेत असते. काम जमेल की नाही, लोक हसतील की काय, अशी भीती वाटते. आणि त्या भीतीपासून घटकाभर सुटका व्हावी म्हणून माणूस दुसरेच काही करीत बसतो. आम्हास हा विचार फार महत्त्वाचा वाटतो. कारण आळसावर लोक धाकाचे औषध देतात. पण रोग जर भीतीचा असेल, तर धाकाने तो बरा होईल की वाढेल, हे सांगावयास वैद्य नको.

आता आपल्याच मराठी साहित्यातील दोन उदाहरणे घेऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी “ख्रिस्तायन” हे महाकाव्य लिहावयास घेतले. टिळक हे आळसाचे नाव ठाऊक नसलेले पुरुष होते. कविता, पदे, कीर्तने, भजने, १९१२ पासून “ज्ञानोदया”च्या मराठी विभागाचे संपादन, घरी येणाऱ्या जाणाऱ्यांची वर्दळ, अशा शेकडो कामांत त्यांचा दिवस वाटला जात असे. अशा मनुष्यास कोणी चालढकल्या म्हणणार नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. तरीही ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले तेव्हा त्या महाकाव्याचे सुमारे दहाच अध्याय झाले होते. रोजची निकडीची कामे मोठ्या कामाची वेळ कशी खाऊन टाकतात, याचे हे उदाहरण होय. येथे दोष कोणाचाच नाही. तथापि मृत्यू आपल्या सवडीची वाट पाहत नाही, एवढी जाणीव त्यापासून घ्यावी.

परंतु ती गोष्ट तेथेच संपली नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस विवाहापूर्वी शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. अक्षरे त्या लग्नानंतर शिकल्या. अशा या बाईंनी पतीच्या मागे ते अपुरे काव्य हाती घेतले आणि स्वतःचे चौसष्ट अध्याय रचून पुरे केले. त्यांची “स्मृतिचित्रे” हे आत्मचरित्र १९३४ सालापासून भागाभागाने छापून येऊ लागले, तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. १८६८ साली जन्मलेल्या त्या बाईने इतकी वर्षे काय केले, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर त्या पुस्तकाच्या पानापानांत आहे. त्या सर्व वर्षांत त्या पाहत होत्या, हसत होत्या, सोशीत होत्या, ध्यानात ठेवीत होत्या. ते दूध कोपऱ्यात नुसते पडलेले नव्हते. मुलाने वडिलांच्या आठवणी लिहून मागितल्याचे निमित्त झाले, आणि लागलेले दही ताटात आले.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदनाचा सारा पसारा डोक्यावर असताना, शास्त्राचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी आरंभिले. अडाणी बायकांनाही कळावे अशी भाषा हवी होती. म्हणजे शब्द शोधणे, टाकणे, पुन्हा शोधणे आले. असे काम उत्साहाच्या एका झटक्यात होत नाही. ते त्यांनी वर्षानुवर्षे चालविले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरीही काम सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेविला तेव्हा त्यांच्या वाट्याचे काम संपलेले होते, आणि १९२४ साली तो संपूर्ण ग्रंथ त्यांच्याच संस्थेच्या छापखान्यातून बाहेर पडला. लक्ष्मीबाईंच्या गोष्टीत मुरण्याची थोरवी दिसते, रमाबाईंच्या गोष्टीत कढईशी उभे राहण्याची. दोघींच्या हातून घडले ते खरे. टाळण्याची थोरवी सांगणारे उदाहरण मात्र आम्हास कोठे आढळले नाही.

आता मुलांविषयी. येथे वडीलमंडळींच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली चूक, दही ढवळण्याची. मूल पाटी-वही घेऊन बसले आहे, आकाशाकडे पाहत आहे, पेन्सिल तोंडात आहे. आपण म्हणतो, “बसलास काय? लिही!” पण ते निबंधाचे पहिले वाक्य मनात जुळवीत असेल. अथवा ते लिहीत आहे, आणि आपण हाक मारतो: “अरे, जरा दुकानातून मीठ घेऊन ये,” “पाहुणे आले, पाण्याचा तांब्या दे,” “शेळी सुटली, बांधून ये.” एका तासात अशी चार कामे सांगून झाल्यावर आपणच तक्रार करितो की, पोराचे लक्ष एका ठिकाणी ठरत नाही. लक्ष हे लहान मुलाच्या चालीसारखे आहे. ते पडत-उठत शिकावे लागते. जे पाऊल टाकताच आपण त्याचा हात ओढून दुसरीकडे नेतो, ते पाऊल स्थिर कसे होणार? मुलाचे लक्ष मोडणारा पहिला मनुष्य पुष्कळदा त्याच्या घरातलाच असतो. तो प्रेमाचा असतो, पण मोडतो खरा.

याच चुकीचा दुसरा भाग म्हणजे नावे ठेवणे. “हा आळशीच आहे,” असे चार माणसांत म्हटले की मूल ते नाव अंगी लावून घेते. वर सांगितल्याप्रमाणे चालढकलीच्या मुळाशी बहुधा भीती असते. गणित येत नाही म्हणून पोर वही उघडत नाही. वही उघडत नाही म्हणून आपण रागे भरतो. रागामुळे वहीची भीती दुणावते. हे चक्र मोडणे मोठ्यांच्याच हाती आहे. “का केले नाहीस?” असे विचारण्याऐवजी “यात कोठे अडते?” असे विचारून पाहावे. त्या एका प्रश्नाने कित्येक आळशी मुले उद्योगी निघाल्याचे शिक्षकांस दिसून येईल.

दुसरी चूक याच्या उलट, दूध नुसतेच ठेवून देण्याची. “लहान आहे, करील मोठे झाल्यावर,” असे म्हणून आपण त्याला कोणत्याच कामाचे विरजण लावीत नाही. आणि ते रडू नये, आपल्या कामात आड येऊ नये, म्हणून त्याच्या हाती मोबाईल देतो. हा आता केवळ शहरचा विषय राहिला नाही. “असर” नावाच्या पाहणीचा २०२४ सालचा ग्रामीण भारताविषयीचा अहवाल सांगतो की, चौदा ते सोळा वर्षांच्या शंभर मुलांपैकी ८२ जणांस स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केलेल्या मुलांपेक्षा समाजमाध्यमांवर गेलेल्या मुलांची संख्या अधिक होती.

यंत्रावर आमचा राग नाही. त्यावर पाठही ऐकता येतो, परगावी गेलेल्या बापाचे तोंडही पाहता येते. परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. मूल मातीत खेळते, ओढ्याकाठी दगड रचते, झाडावर बसून उगाच गुणगुणते, तेव्हा त्याचे मन मोकळे असते; सकाळी ऐकलेली गोष्ट, न सुटलेले गणित, आजीचा शब्द, ही सर्व त्या मोकळ्या मनात मुरत असतात. चित्रामागून चित्र धावणाऱ्या पडद्यापुढे तेच मूल स्वस्थ बसलेले दिसते. पण त्याच्या मनात रिकामी जागाच उरत नाही. तेथे काम होत नाही आणि मुरणेही होत नाही. शेताला पडीक ठेवल्याने कस येतो असे म्हणावे, आणि त्याच शेतातून दिवसभर गाड्या जाऊ द्याव्यात, तसा हा प्रकार होय. खेळ ही दिरंगाई नव्हे. मुलाचा खेळ काढून घेऊन अभ्यास वाढत नाही, आणि मोबाईल देऊन विश्रांती मिळत नाही.

मग करावे काय? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे काही साध्या गोष्टी सुचवितो. एक, आरंभ लहान असू द्यावा. उद्याचा निबंध आज रात्री लिहावयास लावू नये. एकच ओळ लिहून घ्यावी आणि वही मिटावी. ती ओळ रात्रभर आपले काम करील. दोन, मोठ्या कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यास वार नेमून द्यावा. डॅन एरिएली व क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, सर्व काम अखेरच्या एका मुदतीवर ठेवण्यापेक्षा समान अंतराच्या मुदती बांधून दिल्याने काम अधिक चांगले होते. तीन, घरात रोज अर्धा तास असा असावा की, त्या वेळात मुलास कोणी हाक मारणार नाही, आणि मोठ्यांचा मोबाईलही कोनाड्यात राहील. ज्या घरी वेगळी खोली नाही त्या घरी हा अर्धा तास हीच मुलाची खोली होय. चार, ज्यास वाचता येत नाही अशा आईनेही जवळ बसावे. धान्य निवडीत बसावे, गोधडी शिवीत बसावे. शेजारी कोणी स्वस्थपणे काम करीत आहे, हे पाहून मुलाचे मन जसे स्थिरावते तसे ओरडण्याने स्थिरावत नाही.

येथपर्यंत आम्ही मुलांच्या दिरंगाईविषयी लिहिले. परंतु या विषयातील सर्वांत कठीण भाग मोठ्यांच्या दिरंगाईचा आहे. बालाघाटच्या या पट्ट्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. आणि “हंगाम संपला की शाळा बघू,” असे म्हटले जाते. पोटाच्या निकडीने निघालेल्या माणसास दोष देण्याचा अधिकार कोणाही भरल्या पोटाच्या लेखकास नाही, हे आम्ही जाणतो. तरीही सत्य सांगितलेच पाहिजे. पावसानंतर शेतकरी वाफशाची वाट पाहतो. चिखलात पाभर घालीत नाही, हे त्याचे शहाणपण. पण वाफसा आल्यावर तो एक दिवसही दवडीत नाही. कारण ओल उडून गेली म्हणजे उत्तम बियाणेही वाया जाते. मुलाच्या बुद्धीलाही वाफसा असतो. सहाव्या-सातव्या वर्षी जे वाचन हसत-खेळत येते, ते सहा हंगाम बुडाल्यावर बाराव्या वर्षी लाजत-रडत शिकावे लागते. अशा मुलांस गावीच ठेवून शाळा चालू राहावी म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना केलेली आहे. ती आपल्या गावी चालते की नाही, चालत नसल्यास शाळेमार्फत मागणी करता येईल की नाही, घरी आजी-आजोबा असल्यास मूल त्यांच्यापाशी राहू शकेल की नाही, याची विचारपूस कोयते बांधण्याआधी व्हावी. गावातील शिक्षकांनी व उपदेशकांनी हे काम दसऱ्यापूर्वीच हाती घ्यावे. गाड्या निघाल्यावर केलेली कळकळ कोणाच्या उपयोगी पडत नाही.

आपण स्वतःचे काम उद्यावर ढकलितो तेव्हा आपण आपला दिवस खर्च करितो. तो आपलाच असतो. मुलाची शाळा उद्यावर ढकलितो तेव्हा खर्च होणारा दिवस दुसऱ्याचा असतो, आणि त्यास तो परत मागताही येत नाही. म्हणूनच दिरंगाई हा केवळ सवयीचा प्रश्न राहत नाही; तो न्यायाचा प्रश्न होतो. जेथे वाट पाहणारा दुसरा कोणी आहे, तेथे “उद्या” म्हणण्यापूर्वी त्याच्या तोंडाकडे पाहिले पाहिजे.

तात्पर्य, ज्यास आपले थांबणे आहे की टाळणे हे ओळखावयाचे असेल त्याने मनास तीन प्रश्न विचारावे. या कामास मी हात लाविला आहे काय? दुसरे काही करीत असता माझे मन मधून मधून त्याकडे जाते काय? आणि ज्या दिवशी मी पुन्हा त्याच्यापाशी बसेन तो वार मी ठरविला आहे काय? तिन्ही प्रश्नांस “होय” असे उत्तर आले तर त्याने निश्चिंत झोपावे. एकासही “नाही” असे आले तर धावपळ करण्याचे कारण नाही. दिवा मालविण्यापूर्वी त्या कामाची पहिली लहानशी सुरुवात तेवढी करावी. रविवारच्या उपदेशाचा एक मुद्दा सोमवारीच टिपून ठेवणारा उपदेशक शनिवारी रात्री घाबरा होत नाही. आणि ज्या घरात मोठी माणसे अशी विरजण लावून झोपतात, त्या घरातील मुलांस चिकाटीवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. ती पाहून शिकतात.